हात सोडला की भार कोण धरतो? चेन ब्लॉक, पुल-लिफ्ट, इलेक्ट्रिक होइस्ट

शेड उभी राहिली, वर आय-बीम (इंग्रजी I आकाराची पोलादी तुळई) टाकून झाला, आता त्या बीमला काय लटकवायचं एवढंच ठरायचं राहिलंय. दुकानदार आधी विचारतो, "किती टनाचा देऊ?" मग विचारतो, "चेन किती मीटरची?" आणि भाव सांगून मोकळा होतो. माझं म्हणणं, तुम्ही त्याला तिसरा प्रश्न विचारा. वजन अर्ध्यावर लटकतंय आणि माणसाचा हात सुटला, किंवा वीज गेली, तर ते वजन धरून कोण ठेवणार?

लहान कारखान्यासाठी पर्याय मोजकेच आहेत. हाताने ओढायचा चेन पुली ब्लॉक, दांडा मारून चालवायची पुल-लिफ्ट, विजेवर साखळीने वजन उचलणारा चेन होइस्ट आणि साखळीऐवजी तारेचा दोर वापरणारा वायर रोप होइस्ट. २ टन हा आकडा चौघांवरही छापलेला मिळेल, पण भार धरण्याची रीत प्रत्येकाची निराळी. भावातला फरक बराचसा तिथूनच येतो आणि अपघातही बरेचसे तिथेच होतात.

आधी थोडं मागे जाऊ. १८५०च्या दशकात इंग्लंडमध्ये थॉमस आल्ड्रिज वेस्टन याने डिफरेन्शियल पुली काढली, तिचं पेटंट घेतलं. एकाच आसावर दोन कप्प्या, एक किंचित मोठी, एक किंचित लहान, आणि दोन्हींवरून फिरणारी एकच अखंड साखळी. मोठ्या कप्पीची त्रिज्या १० आणि लहानीची ९ धरली, तर कागदावर २० पट फायदा मिळतो. गंमत अशी की ही कप्पी हात सोडल्यावर मागे फिरत नाही. कारण फार साधं आहे. तुमची निम्म्याहून जास्त मेहनत घर्षण खाऊन टाकतं, आणि तेच घर्षण भारालाही खाली येऊ देत नाही. ब्रेक असा काही नाहीच. घर्षणाच्या नासाडीलाच पहारेकरी नेमलं म्हणा ना. पण म्हणूनच १ टन उचलायला १०० किलोपेक्षा जास्त ओढावं लागतं, आणि ते रोज कोण ओढणार?

उत्तर वेस्टनच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्क्रू ब्रेकमध्ये सापडलं. आजच्या जवळजवळ प्रत्येक चेन ब्लॉकच्या पोटात तो बसलेला असतो. तो समजून घ्यायला पाच मिनिटं द्या, कारण पुढची अर्धी तुलना त्याच्यावरच उभी आहे.

हाताची साखळी ज्या चाकावरून जाते ते चाक मुख्य शाफ्टवर आट्यांनी बसवलेलं असतं, नट बोल्टवर बसतो तसं. चाक आणि शाफ्टवरची तबकडी यांच्यामध्ये दोन घर्षण-चकत्या आणि त्यांच्या मधोमध एक दातेरी चक्र. त्या दातांवर स्प्रिंगने दाबलेली खिट्टी. वजन वर घेताना चाक आट्यांवर आवळलं जातं, सगळा संच एकत्र फिरतो आणि खिट्टी दातांवरून टक-टक करत जाते. हात सोडला की भार शाफ्टला उलटा फिरवू पाहतो. दातेरी चक्राला खिट्टी अडवते, आणि भार जितका जोर लावेल तितक्या चकत्या आणखी घट्ट दाबल्या जातात. खाली सोडताना तुम्ही चाक उलटं ओढता, चकत्या जरा सैलावतात, भार बोटभर उतरतो आणि उतरता उतरता पुन्हा स्वतःलाच आवळून घेतो. तुम्ही ओढाल तेवढाच तो खाली येणार. भारालाच भाराचा ब्रेक करून टाकणारी ही युक्ती मला आजही थोर वाटते. वीज, हवा, हायड्रॉलिक, काही म्हणता काही लागत नाही.

यातून विकत घेणाऱ्याला दोन खुणा मिळतात. वर घेताना टक-टक आवाज आलाच पाहिजे. तो येत नसेल तर खिट्टी चिकटली आहे किंवा तिची स्प्रिंग गेली आहे; ब्लॉक तिथेच उतरवून ठेवा. दुसरी खूण तेलाची. एका शेडमध्ये मी पाहिलं होतं, आवाज फार येतो म्हणून मिस्त्रीने झाकणाच्या फटीतून तेलाची पिचकारी मारली. आवाज कमी झाला. दुसऱ्या दिवशी पाऊण टनाचा डाय (धातूचा साचा) हळूहळू, कुणी साखळीला हात लावलेला नसताना, खाली यायला लागला. चकत्या कोरड्या चालण्यासाठी बनवलेल्या असतील तर त्यांना तेल म्हणजे विष. तेल साखळीला घाला, ब्रेकला नको.

मेहनतीचा हिशेबही मांडून बघा. ३० किलोच्या ओढीने १००० किलो उचलायचे तर घर्षण शून्य धरलं तरी १ मीटर उंचीसाठी ३३ मीटर साखळी ओढावी लागते. घर्षण धरलं की चाळीसच्या आसपास. दिवसातून दोनदा मोटर उतरवायची असेल तर हे काहीच नाही. पण रोज २० वेळा २-२ मीटर वर-खाली करायचं असेल तर माणूस तीन किलोमीटरपेक्षा जास्त साखळी ओढतो. तिथे चेन ब्लॉक स्वस्त पडतो असं म्हणणं खोटं आहे. पैसे वाचतात, खांदे जातात.

पुल-लिफ्ट ही याच ब्रेकची धाकटी बहीण. हाताच्या साखळीऐवजी रॅचेटचा, म्हणजे एकाच दिशेला पकड घेणारा, दांडा. आडवं ओढा, तिरपं ओढा, तिला फरक पडत नाही. पाइपचे फ्लँज (टोकाच्या जोड-चकत्या) जुळवणं, ट्रकवरचा माल ताणून बांधणं, मशीन दोन बोटं सरकवणं, या कामांत चेन ब्लॉक तिच्यापुढे गबाळा दिसतो. पण सरळ उभं वजन रोज उचलायला ती घेऊ नका. तिच्यात साखळी मोकळी सोडायची एक सोय असते, आणि वेस्टन पद्धतीच्या ब्रेकला स्वतःला आवळून घ्यायला थोडा तरी भार लागतो. अगदी हलक्या वजनावर, साखळी मोकळी करायची कळ चुकीच्या जागी असताना, ती धरत नाही. शिवाय आपल्याकडे दांड्याला पाइप चढवायची खोड आहे. तो दांडा मुद्दामच तेवढ्या लांबीचा केलेला असतो. एका माणसाच्या ताकदीत वजन हलत नसेल तर ते वजन त्या पुल-लिफ्टचं नाही, एवढंच त्याला सांगायचं असतं. टिरफोरमध्ये (दांड्याने तारेचा दोर ओढायचं यंत्र) तर जास्त जोर लावला की दांड्यातली पिन मुद्दाम तुटते, आणि लोक त्या जागी खिळा ठोकतात. ज्याच्याकडे असा खिळा ठोकलेला टिरफोर दिसेल त्याच्याकडून सेकंडहँड काहीही घेऊ नका.

विजेच्या चेन होइस्टमध्ये विचार उलटा आहे. इथे ब्रेक स्प्रिंगने कायम बंद असतो. वीज आली की विद्युतचुंबक तो उघडतो. त्यामुळे भोसरीत गुरुवारी बत्ती गेली तरी वजन जागच्या जागी राहतं. मात्र ते खालीही येत नाही, म्हणून ब्रेक हाताने सोडायची सोय आहे का ते विचारून घ्या. नसेल तर वीज येईपर्यंत त्या खाली कुणाला फिरकू न देणं हेच एक काम होऊन बसतं.

इथे एक बारकी गोष्ट आहे. कॅटलॉगमध्ये ती ठळक छापलेली नसते, पण मी होइस्ट निवडताना सगळ्यात आधी तीच बघतो. जास्त वजन लावलं तर मोटर जळू नये म्हणून होइस्टमध्ये घसरणारा क्लच असतो. तो क्लच ब्रेक आणि साखळीच्या मध्ये बसवला असेल, तर क्लच झिजल्यावर ब्रेक कितीही चांगला असला तरी वजन क्लचमधून घसरत खाली येईल. क्लच मोटर आणि ब्रेकच्या मध्ये असेल तर घसरली तर मोटर घसरते, भार ब्रेकच्या मुठीतच राहतो. यावर निरनिराळ्या कंपन्यांनी वेगवेगळी रचना करून पेटंटं घेतली आहेत, ती उगाच नाही. विक्रेत्याला कटसेक्शनचं, म्हणजे आतले भाग दाखवणारं, चित्र मागा. चित्र नाही म्हणाला तर दुसरा विक्रेता बघा.

टनापेक्षा महत्त्वाचा दुसरा आकडा म्हणजे ड्युटी क्लास, होइस्ट किती राबवता येईल ते सांगणारा. एम३ म्हणजे तासाला १५० वेळा चालू-बंद, एम४ म्हणजे १८०, एम५ म्हणजे २४०. ऐकायला भरपूर वाटतं, पण मोल्ड बसवताना ऑपरेटर बटण टिक-टिक दाबत मिलिमीटरने वजन हलवतो, आणि प्रत्येक टिक एक स्टार्ट धरला जातो. म्हणून मोल्ड-डायच्या कामाला दोन स्पीडचा होइस्ट घ्या, एम४च्या खाली जाऊ नका. गोदामात गोणी वर-खाली करायच्या असतील तर एम३ पुरे.

वायर रोप होइस्टचा जन्मच साखळीच्या भीतीतून झालाय. जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरातल्या खाणींत साखळ्या अचानक तुटत. एक कडी गेली की सगळंच गेलं. तिथल्या खाण खात्यातल्या विल्हेल्म आल्बर्ट याने १८३४ मध्ये क्लाउस्थालला लोखंडी तारा पिळून दोर केला. दहा-बारा तारांमधली एक तुटली तर बाकीच्या धरतात, आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसते. आजच्या कॅलिब्रेटेड (प्रत्येक कडी नेमक्या मापाची असलेल्या) साखळीचं पोलाद तेव्हाच्या साखळीसारखं राहिलेलं नाही, त्यामुळे ती भीती तेवढी उरलेली नाही. तरी दोर आधी कुरकुरतो आणि साखळी मुकाट्याने लांबते, हा स्वभावातला फरक कायम आहे. साखळीची झीज डोळ्यांना कळत नाही. ठरावीक कड्यांची लांबी गेजने मोजावी लागते. तुमच्याकडे मोजणारा माणूस नसेल तर हा मुद्दा हलका समजू नका.

बाकी दोराचा होइस्ट वेगवान, मऊ चालणारा, जास्त उंचीला आणि ५ टनांच्या वरच्या वजनाला उत्तम. पण दोर ड्रमवर गुंडाळला जाताना हुक थोडा बाजूला सरकतो, आणि तिरपं ओढलं तर दोर खाच सोडतो. २ टनांच्या शेडला तो मला जड वाटतो.

जाता जाता उलट्या बाजूचं एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. पॅराशूटमध्ये प्रश्न नेमका उलटा असतो: मुख्य छत्री बिघडली तर ती एका झटक्यात सुटली पाहिजे, पण तोवर अख्ख्या माणसाचं वजन तिने धरलेलं असलं पाहिजे. १९७०च्या दशकात बिल बूथ या अमेरिकन उडी मारणाऱ्याने तीन कड्यांची रचना केली. मोठ्या कडीतून मधली, मधलीतून लहान, आणि शेवटी कापडाचा एक छोटा फास. प्रत्येक कडी ताण कमी करत नेते, त्यामुळे शेकडो किलोचा झटका फासापर्यंत पोचेतो अगदी किरकोळ उरतो आणि एका हाताच्या ओढीने सगळं मोकळं होतं. भार धरायचा प्रश्न दोघांचाही, पण वेस्टनने युक्ती न सोडण्यासाठी वापरली, बूथने सोडण्यासाठी. क्रेनच्या हुकाला असली झटपट सुटणारी जोडणी बसवायची आयडिया कुणी काढली, तर त्याला बूथचा पत्ता द्या आणि शेडबाहेर काढा.

तर माझा कौल. दिवसात चार-पाच उचलण्या, वीज बेभरवशाची, बजेट तंग: चेन पुली ब्लॉक, आयएस ३८३२ (आयएस म्हणजे भारतीय मानक) चा शिक्का आणि टेस्ट सर्टिफिकेट बघूनच. जुळवाजुळव, तिरपी ओढ: सोबत एक पाऊण किंवा दीड टनाची पुल-लिफ्ट ठेवाच, पण ती मुख्य उचलणीसाठी नव्हे. रोजचं मोल्ड-डायचं काम: दोन स्पीडचा इलेक्ट्रिक चेन होइस्ट, आयएस ६५४७, क्लच कुठे बसवलाय ते बघून. मोठी उंची, जड माल, सतत काम: वायर रोप होइस्ट, आयएस ३९३८. कोणताही घ्या, लिफ्टिंगच्या सामानावर सुरक्षित भार लिहिलेला असणं आणि सक्षम व्यक्तीने १२ महिन्यांतून एकदा तरी कसून तपासणं, ही १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ पासून चालत आलेली अट आहे. हा खर्च होइस्टच्या भावात पहिल्या दिवसापासून धरा.

आणि माल आला की पैसे देण्याआधी एक करा. ब्लॉक किंवा होइस्ट बीमला लावा, लिहिलेल्या क्षमतेएवढं वजन जमिनीपासून वीतभर उचला, वजनाच्या खालच्या कडेच्या पातळीत एक खडूची रेघ शेजारच्या खांबावर ओढा, आणि सगळ्यांना लांब करून चहाला जा. अर्ध्या तासाने परत या. रेघ आणि कड अजून एका ओळीत असतील तर चेक लिहा.