मशीन, कांस्याची वाटी आणि मौसींचा हात : संधिवाताच्या पायांचा 8 महिन्यांचा अनुभव

जुलैच्या शेवटी मुलाने पुण्याहून पायाचं मालिश मशीन पाठवलं. आता रंगपंचमीही होऊन गेली, म्हणजे 8 महिने झाले. या काळात मी तीन गोष्टी वापरल्या: ते मशीन, कांस्याची वाटी, आणि आमच्याकडे मालिशीला येणाऱ्या मौसींचा हात. क्लिनिकच्या बाकावर नंबराची वाट बघताना पाच-सहा जणींनी तरी मला विचारलं असेल, की मशीन घेऊ का. दर वेळी घाईत अर्धवट सांगितलं गेलं, म्हणून आज सगळं लिहून काढते आहे.

आधी माझे पाय कसे आहेत ते सांगते. ते कळल्याशिवाय पुढच्या अनुभवाचा तुम्हाला उपयोग नाही. वय 56, इंदूरला रामबागेत राहते, 27 वर्षं शाळेत फळ्यापुढे उभी राहून गणित शिकवलं. 11 वर्षांपासून आरए, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी), सोबत फॉलिक ॲसिड, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. लोक याला सरसकट 'संधिवात' म्हणतात आणि गुडघे झिजल्याच्या दुखण्यात जमा करतात. आमच्या दुखण्यात शरीराची संरक्षणाची यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. हातापायांचे लहान सांधे ती आधी धरते, आणि बहुधा दोन्ही बाजूंचे. माझे चवडे गेले. बोटांच्या मुळाशी तळव्याखाली जी मऊ गादी असते ती पुढे सरकली, हाडांची टोकं खाली आली. गादीच नाही, तर पाऊल टेकताना खडीवर अनवाणी चालल्यासारखं वाटतं. अंगठा बाहेर कलला आहे, त्याच्या मुळाशी हाड वर आलं आहे, दुसरं बोट आकड्यासारखं वाकलं आहे.

अशा पायांना कुणी हात लावला की बरं वाटतं, हे अगदी खरं आहे. म्हणूनच मशीन आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मुलगा लांब आहे, त्याने आईच्या पायांचा विचार केला, हेच मोठं होतं.

मशीनमध्ये दोन्ही पाय घालायचे, आत रबरी गोळे फिरतात, हवेच्या पिशव्या फुगून घोटा आणि पोटरी आवळतात, हवी तर ऊबही मिळते. पहिले दहा-बारा दिवस छान गेले. पोटऱ्या हलक्या झाल्या, झोपही लागली. मी दिवसाला 15 मिनिटांवरून 30 वर गेले, एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर गेले. चूक इथेच झाली. तिसऱ्या आठवड्यात डाव्या पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटांची मुळं सुजली, हात लावला तर गरम लागायला लागली. घोट्यावर काळेनिळे डाग उठले. स्टेरॉइडने कातडी कागदासारखी पातळ होते आणि जरा दाबलं तरी आत रक्त साकळतं, हे मला ठाऊक होतं, पण तेव्हा सुचलं नाही. आणि एका संध्याकाळी पाय बाहेर काढला तर अंगठ्याच्या वर आलेल्या हाडावरची कातडी सोलवटलेली. मला ते जाणवलंच नव्हतं! गोळे फिरत होते, ऊब होती, टीव्ही चालू होता.

ती जखम भरायला 5 आठवडे लागले. त्यात पू झाला, रुमॅटॉलॉजिस्टने, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांनी, अँटिबायोटिक दिलं आणि ते संपेपर्यंत मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगितलं. दोन आठवडे गोळी चुकली आणि सगळेच सांधे बोलायला लागले. एका सोलवटलेल्या जागेची एवढी किंमत असते, हे ज्यांना हा आजार नाही त्यांना पटणं अवघड आहे. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते: जखमेसाठी जवळच्या दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात, तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. को-ट्रायमॉक्साझोलसारखं साधं वाटणारं अँटिबायोटिक मेथोट्रेक्सेटबरोबर घेतलं तर रक्तपेशी धोकादायक रीतीने कमी होऊ शकतात.

मशीन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या ह्यांना कुठला आजार नाही, ते रोज संध्याकाळी नेहरू पार्कला फिरून आले की त्यात पाय घालून बसतात आणि त्यांना ते फार आवडतं. पण मशीनला सूज कळत नाही. सोमवारी ठीक असलेला सांधा गुरुवारी पेटलेला असतो, आणि गोळा त्याच जागी त्याच जोराने फिरतो. आमच्या आजारात रोजचा पाय वेगळा असतो. म्हणून ज्यांच्या चवड्यात किंवा बोटांत वाकडेपणा आला आहे, कातडी पातळ झाली आहे, पायाला बधिरपणा आहे, त्यांनी गोळ्यांचं मशीन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आधी, सासूबाईंनी वाटीची आठवण काढली. त्या 82 वर्षांच्या आहेत. लहानपणी ग्वाल्हेरला त्यांच्या आजीच्या तळव्यांना तूप लावून वाटी घासायचं काम त्यांच्याकडे असायचं. आम्ही राजवाड्यामागे बर्तन बाजारात गेलो. दुकानदाराने दोन-तीन वाट्या काढून वाजवून दाखवल्या, "माताजी, असली काँसा है, आवाज सुनो." कांसं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण 78 ला 22. पितळेत जस्त असतं, त्याची वाटी वेगळी. भाव वजनावर होता. मी तळहातात मावेल अशी, गोल बुडाची आणि काठ गुळगुळीत केलेली निवडली. काठावरून बोट फिरवून बघा. जरासा कंगोरा जरी लागला, तरी ती वाटी आपल्या कामाची नाही.

वाटी घासली की तळवा काळा-करडा होतो. सासूबाई म्हणतात, अंगातली उष्णता बाहेर पडली. आमच्या गल्लीतली एक जण तर म्हणाली, आमवाताचं विष निघालं. सासूबाईंचा मी मान ठेवते, पण तसं नाही. तुपातली आम्लं आणि पायाचा घाम यांची तांब्याशी क्रिया होते, त्याचा तो काळा रंग. आजार नसलेल्या माणसाचा तळवाही काळा होतो, मी ह्यांच्यावर करून पाहिलं. काळं जास्त निघावं म्हणून जोरात घासणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यासाठी हे लिहिलं.

वाटीतलं सुख वेगळंच आहे. धातू आधी गार लागतो, मग तुपाबरोबर कोमट होत जातो. बूड गोल असल्याने कुठे टोचत नाही. मी ती फक्त टाच आणि तळव्याच्या खोलगट भागावर फिरवते, चवड्यापाशी आली की थांबते. एका पायाला 7-8 मिनिटं, बस. नंतर तूप नीट पुसून काढायचं आणि मगच उठायचं. तुपट तळव्याने फरशीवर पाऊल टाकलं आणि घसरलं, तर स्टेरॉइडने विरळ झालेल्या हाडांना ते परवडणारं नाही.

मौसी नोव्हेंबरपासून येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी, एका वेळचे 250 रुपये. त्यांचं मूळ काम बाळंतिणीच्या आणि बाळाच्या मालिशीचं. पहिल्या दिवशी त्यांनी बाळंतिणीला रगडतात तसे पाय धरले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कसं समजावू ते कळेना. मग म्हटलं, मौसी, तुम्ही दहा दिवसांच्या बाळाच्या पाठीला जसा हात लावता तसा लावा. त्या क्षणभर थांबल्या आणि हात बदलला. तेवढाच जोर मला हवा होता, आणि तो त्यांच्या हाताला आधीपासूनच माहीत होता. आता येतात त्या आधी उलट्या हाताने प्रत्येक बोटाचं मूळ चाचपतात आणि विचारतात, "आज कौन सा गरम है?" जो गरम असेल त्याला हात लावत नाहीत. पोटरी, घोट्याच्या वरचा भाग, तळव्याचा मध्य, एवढंच करतात. हलक्या हाताने घोट्याकडून गुडघ्याकडे. बाकीच्या बोटांना एक-एक करून नुसतं धरून ठेवतात, ओढत नाहीत, मोडत नाहीत. दिवाळीत मुलगा आला तेव्हा मी त्यालाही हे शिकवलं होतं. मशीनचं काय झालं ते ऐकून तो फार खजील झाला होता. मी त्याला म्हटलं, चूक माझी, तुझी नाही.

बोटांची मुळं सुजलेली असतील त्या दिवशी तेलही नाही, वाटीही नाही. ओल्या रुमालात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं, पाय उशीवर. आमच्याकडे वैद्यही हेच निराळ्या शब्दांत सांगतात: आमवातात आम (न पचलेला, साचलेला अंश) असताना तेल चोळू नये, वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक द्यावा. घरातली मोठी माणसं मात्र दुखलं की तेल घेऊन धावतात. प्रेमाने करतात, पण त्यांना थांबवायला शिकावं लागतं. पण बर्फ सगळ्यांना चालत नाही. माझ्याबरोबर बाकावर बसणाऱ्या एकीला स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी कडक होत जाणारा आजार आहे. थंडीत तिच्या पायाची बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात. तिने बर्फाचं नावही काढू नये. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा ती लोकरी मोज्यांवर मोजे घालून बसते. तिला कोमट पाणी चालतं, पण तेही आधी कोपर बुडवून बघायचं, कारण तिच्या पायांना चटका उशिरा कळतो.

आणि एक ताकीद. फक्त एकच पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम किंवा लाल झाली, तर त्यावर कुणालाही हात फिरवू देऊ नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, आणि आमच्यासारख्यांत ती शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखान्यात जा, डॉपलर सोनोग्राफीत कळतं.

फायदा किती झाला? सकाळचा आखडलेपणा मी रोज कॅलेंडरवर मिनिटांत लिहिते. जुलैत सरासरी 50 मिनिटं होता, आता 30 च्या आसपास आहे. पण ऑक्टोबरात डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट 10 वरून 15 मिलिग्रॅम केलं, त्यामुळे याचं श्रेय मी गोळीला देते. सीआरपी, म्हणजे रक्ततपासणीतला दाहाचा आकडा, उतरला तोही तिच्यामुळेच. मालिशीने सांध्यातला दाह आटोक्यात येत नाही, वाकलेलं बोट सरळ होत नाही. तिने मला झोप दिली. आधी रात्री तीन-चारदा पायांच्या ठणक्याने जाग यायची, आता मालिशीच्या दिवशी बहुधा एकदाच येते. दुसरं म्हणजे मी माझ्या पायांकडे बघायला लागले. अनेक वर्षं मी ते मोज्यांत झाकूनच ठेवले होते, वाकडी बोटं बघवत नव्हती.

आता रोज रात्री मोबाइलचा टॉर्च लावून, आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघते. बोटांच्या बेचक्या कोरड्या आहेत का, कुठे लाली, चीर, पाणी आहे का. पावसाळ्यात मला चिखल्या होतात, आणि आमची औषधं चालू असताना त्या लवकर जात नाहीत, म्हणून बेचक्यांत तेल-तूप अजिबात जाऊ देत नाही. भेगांना 10 टक्के युरिया असलेली क्रीम. नखं अंघोळीनंतर, सरळ रेषेत, कोपरे न खणता. चवड्याखालचे घट्टे पार्लरमध्ये ब्लेडने काढून घेणं बंद केलं. एकदा मी ते केलं होतं, रक्त आलं होतं, आणि त्याच टबात माझ्या आधी कुणाचे पाय होते कोण जाणे. कुरूप काढायच्या पट्ट्यांमध्येही आम्ल असतं, पातळ कातडीला त्याने जखम होते. घट्टा दाबामुळे होतो, दाब तसाच राहिला तर कितीदाही खरवडा, महिन्याभरात परत येतो.

म्हणून हातात हजार-दीड हजारच रुपये असतील, तर मशीन, वाटी, मालिश सगळं बाजूला ठेवून आधी चपला घ्या. घरातसुद्धा अनवाणी नको. मी एमसीआरच्या घेतल्या. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून जे मऊ रबर वापरतात, तेच हे. पुढून रुंद, मागे पट्टा असलेल्या, वेल्क्रोच्या. सुजलेल्या दिवशी पट्टा सैल करता येतो. बाहेर जायच्या बुटात चवड्यासाठी छोटा पॅड चिकटवला. फिजिओथेरपिस्ट ताईंनी जागा शोधायची युक्ती दाखवली: तळव्यावर जिथे सगळ्यात जास्त टोचतं तिथे ओल्या कुंकवाचा ठिपका लावायचा आणि बुटात पाय घालून उभं राहायचं. आत खूण उमटते. पॅड त्या खुणेवर लावायचा नाही, तिच्या जरा मागे, टाचेच्या बाजूला लावायचा, म्हणजे तो हाडांची टोकं उचलून धरतो. मी पहिल्यांदा बरोबर खुणेवरच लावला होता, आणि दुखणं दुप्पट झालं होतं. बोटभर मागे सरकवल्यावर त्याच बुटांनी मी रामबागेपासून राजवाड्यापर्यंत चालत जाऊन आले.