देवनागरी स्टिकर आणि इन्स्क्रिप्ट मांडणी : अक्षरे चटकन मिळतात, चिन्हे शोधावी लागतात

हा अनुभव दोन गोष्टींचा मिळून आहे : साध्या यूएसबी कीबोर्डवर चिकटवायच्या देवनागरी स्टिकरांचा आणि त्या स्टिकरांवर छापलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीचा. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील एका तालुक्याच्या गावी माझे झेरॉक्स व टायपिंगचे दुकान आहे. तहसील कार्यालयात द्यायचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, बागायतदारांची आंब्याची दरपत्रके, लग्नपत्रिकांचे मजकूर हे सगळे मराठी काम मी गेला पावसाळा आणि त्यानंतरचा आंब्याचा हंगाम याच कीबोर्डवर केले. त्यापूर्वी मी रोमन अक्षरे टाइप करून मराठी उमटवण्याची पद्धत वापरत असे.

अक्षरांच्या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकातील या मांडणीत स्वर व मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. 'क'च्याच बटणावर शिफ्टसह 'ख' आणि 'ग'च्या बटणावर शिफ्टसह 'घ' येत असल्यामुळे एकाची जागा हाताला कळली की दुसरे अक्षर वेगळे शोधावे लागत नाही. 'ळ' हा 'एन'च्या बटणावर 'ल'च्याच जोडीला बसवलेला आहे. नारळ, कोळंबी, वाळू, काळभैरव असे शब्द दिवसभर लिहिणाऱ्या व्यक्तीला ही सोय किती मोठी वाटते, हे वापरल्यावरच कळते.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो 'जे'च्या बटणावर शिफ्टसह मिळणारा 'ऱ'. किनाऱ्यालगतची जागा, खाऱ्या पाण्याने नापीक झालेले शेत, वाऱ्यामुळे पडलेली कलमे, असे शब्द आमच्याकडच्या नुकसानभरपाईच्या प्रत्येक अर्जात येतात. पूर्वीच्या पद्धतीत हा अर्धा र कोणत्या रोमन अक्षरांच्या जुळणीतून येतो, हे गिऱ्हाईक समोर उभे असताना आठवत बसावे लागे, आणि 'दऱ्या' हव्या असताना पडद्यावर 'दर्या' उमटे. डोंगरउतारावरील जमिनीच्या वर्णनात हा फरक किरकोळ नव्हे. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह 'जे', मग 'डी'च्या बटणावरचे हलन्त चिन्ह आणि शेवटी 'य', एवढ्या क्रमाने 'ऱ्य' दर वेळी अचूक येतो.

चिन्हांची स्थिती मात्र तशी नाही. आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह जिथे %, & आणि * मिळायची सवय आपल्याला असते, तिथे मराठी मांडणीत ज्ञ, क्ष आणि श्र ही जोडाक्षरे आहेत. स्लॅशच्या बटणावर 'य' आहे, म्हणजे ज्या कागदाला सारा महाराष्ट्र सातबारा म्हणतो त्याचे '७/१२' हे रूप लिहितानाच हात अडतो. अर्धविरामाच्या बटणावर 'च' आहे, आणि अपूर्णविराम जिथे असायचा तिथे 'छ'. अर्जात 'विषय' आणि 'संदर्भ' यांच्यापुढे दोन टिंबे तर लागतातच, तेव्हा शून्याच्या शेजारच्या बटणावर शिफ्टसह मिळणारा विसर्ग देऊन अनेक जण काम भागवतात आणि 'विषयः', 'दिनांकः' असे कागद तयार होतात. छापल्यावर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, परंतु विसर्ग हा शब्दाचाच भाग ठरतो, विरामचिन्ह नव्हे. माझ्या दुकानातून असा कागद बाहेर जाऊ नये, याबाबत मी आग्रही आहे.

यावर रुळलेला उपाय असा : स्लॅश, अधिक, वजा आणि गुणाकाराची चांदणी उजवीकडच्या नंबर पॅडवरून घ्यावी, कारण मांडणी मराठी असली तरी तिथली चिन्हे बदलत नाहीत. अपूर्णविराम, % आणि ईमेलच्या पत्त्यातील @ यांच्यासाठी विंडोजचे बटण व स्पेसबार एकत्र दाबून क्षणभर इंग्रजीवर जावे आणि तसेच परत यावे. याच कारणाने नंबर पॅड नसलेला आटोपशीर कीबोर्ड मराठी कामासाठी कोणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुपयाचे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, जागा मिळाली, तरीही माझ्या कीबोर्डवर ते कुठेच छापलेले नाही. इंग्रजीसाठी 'इंग्लिश (इंडिया)' ही मांडणी निवडली असेल तर उजवे ऑल्ट आणि ४ दाबल्यावर ₹ येते. अमेरिकी मांडणीवर येत नाही, म्हणून सेटिंगमध्ये हे एकदा तपासून घ्यावे. अक्षांश-रेखांश लिहिताना लागणारे ° हे चिन्ह इंग्रजी मांडणीवर असताना ऑल्ट दाबून धरून नंबर पॅडवर ०१७६ दिल्यास मिळते, आणि अर्ध्या डझनाचा भाव लिहिताना लागणारा ½ हा ०१८९ ने. हे दोन आकडे मी पडद्याच्या कडेला लिहून चिकटवले आहेत. बाकी एखादे अक्षर सापडेनासे झाले तर विंडोज, कंट्रोल आणि ओ ही बटणे एकत्र दाबावीत. पडद्यावर कीबोर्ड उघडतो आणि त्यावर शिफ्ट दाबले की कोणत्या बटणामागे काय दडले आहे ते दिसते.

'ॲ'विषयी वेगळे लिहिणे आवश्यक आहे. युनिकोडमध्ये 'ॲ' हे एक स्वतंत्र अक्षर २००८ पासून आहे, परंतु 'अ'वर चंद्र देऊनही तसेच दिसणारे रूप तयार होते. डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला मात्र कळतो. वकिलांच्या नावामागचे 'ॲड.' एका फाइलीत एका रीतीने आणि दुसऱ्या फाइलीत दुसऱ्या रीतीने लिहिले गेले असेल, तर शोधताना निम्मी नावे सापडतच नाहीत. मी आता सर्वत्र एकच अखंड अक्षर वापरते आणि जुन्या फाइली शोधा-बदला या सोयीने हळूहळू सुधारत आहे.

स्टिकरांची छपाई ठळक आहे, पण त्यांचा गोंद आमच्या दमट हवेला पुरा पडला नाही. श्रावणापर्यंत 'डी' आणि 'ई'वरचे स्टिकर कडेने उचलले गेले होते. हलन्त आणि काना यांची ती बटणे सर्वांत जास्त दाबली जातात. चिकटवण्यापूर्वी बटणे स्पिरिटने पुसून कोरडी केल्यावर दुसरा संच बरा टिकला आहे.

वास्तविक ज्ञ, क्ष, श्र ही जोडाक्षरे हलन्त वापरून सहज जुळतात. 'श', हलन्त आणि 'र' दिले की 'श्र' तयार होतो. त्यांनी अडवलेल्या जागा विरामचिन्हांना मिळायला हव्या होत्या, असे मला मनापासून वाटते. मायक्रोसॉफ्टचे कीबोर्ड लेआउट क्रिएटर हे विनामूल्य साधन वापरून आपली मांडणी बदलता येते, तेव्हा येत्या पावसाळ्यात, दुकानातली गर्दी ओसरली की, 'श्र'च्या जागी अपूर्णविराम आणि 'ज्ञ'च्या जागी % बसवून पाहणार आहे.