नळावरचे क्षार काढायला व्हिनेगर की सायट्रिक ॲसिड?

दोन्ही आम्लं कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर विरघळवतात. पण पैसे वाचवायचे असतील तर सायट्रिक ॲसिडच घ्या. ५ टक्के व्हिनेगरच्या बाटलीत बहुतांश पाणीच असतं. १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक पावडर टाकली की जवळपास तेवढ्याच ताकदीचं द्रावण तयार होतं. म्हणजे १ किलोत २० लिटर, तेही उग्र वासाशिवाय.

किटलीसाठी १ लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम पावडर विरघळवून अर्धा तास ठेवा, मग दोनदा खळखळून धुवा. द्रावण उकळू नका. उकळलं की कॅल्शियम सायट्रेटचा नवा पांढरा साका तळाला बसतो आणि तो मूळ थरापेक्षा चिवट निघतो. बहुतेकांचं इथेच चुकतं.

व्हिनेगरची जमेची बाजू एकच: ते टिकतं. सायट्रिकच्या द्रावणात काही दिवसांत बुरशीचे तंतू तरंगायला लागतात, म्हणून लागेल तेवढंच बनवा. अधूनमधून काच पुसायला हाताशी स्प्रे हवा असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं भरून ठेवा.

संगमरवराला यातलं काहीच लावू नका, चकाकी कायमची जाते. सोडाही मिसळू नका. फेस छान येतो, पण आम्ल त्यातच खर्ची पडतं. आणि ब्लीचजवळ तर दोन्ही अजिबात नेऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.