व्हॅल्हाइम: ३२ खणांची बॅग घेऊन पावसाळाभर खेळल्यावर

व्हॅल्हाइम हा व्हायकिंगांच्या जगातला, सामान गोळा करत जगायचा गेम कसा आहे, ग्राफिक्स कसे वगैरे लिहित नाही, २०२१ च्या फेब्रुवारीत अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच, आलाय, ते सगळं लोकांनी लिहून झालंय. मी फक्त सामानाबद्दल लिहितो. आमच्या देवगडात जून-जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून ठेवलेल्या, बाहेर धो धो, आणि मी नि मुंबईचा आतेभाऊ रोज रात्री हेडफोन लावून एकाच गोष्टीवरनं भांडायचो, बॅगेत काय ठेवायचं आणि काय टाकायचं.

तर बॅगेत खण ३२. शेवटपर्यंत ३२च. लेव्हल वाढली, बॉस मारले, कायपण करा, मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेला बदल) टाकल्याशिवाय एकही वाढत नाही. वर अंगावर घातलेलं पण ह्यातच मोजतात! हेल्मेट, चिलखत, पायातलं, केप, कुऱ्हाड, ढाल, धनुष्य, बाण, हातोडा, पिकॅक्स आणि तीन प्रकारचं खाणं, झाले १३. सुरुवातीला मला हा चावटपणा वाटायचा, आणि खरं सांगू, अंगावरच्या कपड्यांनी बॅगेत जागा खाणं मला अजूनही पटलेलं नाही. बाकी खण कमी आहेत ते बरंय असं आता वाटतं, का ते पुढे येईलच.

पण खरी अडचण खणांची नाहीच, वजनाची आहे. मर्यादा ३००. दलदलीतल्या क्रिप्टमधनं (जमिनीखालच्या थडग्यांतनं) जे भंगार लोखंड मिळतं त्याचा एक नग १० चा, एका खणात ३० मावतात, म्हणजे एकच खण भरला की तुमचे ३०० संपले आणि अंगावरचं वजन वेगळंच. मग पळणं बंद, रखडत चाला, स्टॅमिना उतरत जातो आणि मागून ड्राउगर (चालतं मढं) आला की मेलात. आतेभाऊ एकदा असाच चिखलात अडकला, बॅग उघडून बघतो तर निम्मी दगडांनी भरलेली. "मेल्या, दगड कित्याक घेतलंस?" तर म्हणे असूदे, कामाक येतीत.

ब्लॅक फॉरेस्ट नावाच्या जंगलात हाल्डोर नावाचा व्यापारी सापडला की ९५० नाण्यांचा मेगिनग्योर्ड पट्टा आधी घ्या, बाकी खरेदी नंतर. मर्यादा ४५० होते. अर्थात पट्टा पण एक खण खातो, ते आलंच.

घरातल्या पेट्यांचं म्हणाल तर साध्या लाकडी पेटीत १० खण, लोखंड लावलेलीत २४, ब्लॅक मेटलवालीत ३२. आम्ही आधी दिसेल तिथे पेटी ठोकायचो आणि मग राळ कुठाय, राळ कुठाय करत अर्धी रात्र जायची. आता भट्टीजवळ फक्त धातू, वर्कबेंचजवळ लाकूड-चामडं, चुलीजवळ खाण्याचं. हे असंच ठेवावं लागतं कारण काही बनवताना गेम पेटीतनं सामान आपोआप उचलत नाही, ते तुमच्या बॅगेतच असावं लागतं. त्या पेटीत आधीपासून जे आहे तेवढंच बॅगेतनं आत टाकणारं बटण आहे, त्यामुळे प्रत्येक पेटीत प्रत्येक वस्तूचा एकतरी नग शिल्लक ठेवायचा, मोहिमेवरनं आल्यावर दोन मिनिटांत बॅग रिकामी.

आता मजा. तांबं, कथील, लोखंड पोर्टलमधनं (एका जागेवरनं दुसरीकडे झटक्यात नेणाऱ्या दारातनं) जात नाही. म्हणजे लांबच्या बेटावरचं लोखंड घरी आणायचं तर समुद्रानेच. कार्व्ह ह्या छोट्या जहाजात ४ खण, लाँगशिप ह्या मोठ्यात १८, आणि जहाजावर वजनाची भानगडच नाही, १८ च्या १८ लोखंडाने भरा, एकूण ५४० नग, जहाज तेवढ्याच वेगाने जातं. (आमच्याकडच्या तांडेलांना सांगितलं तर हसतील.) हाताने ओढायच्या गाडीतही १८ खण आहेत पण ती चढावर जीव काढते, मी फक्त क्रिप्टपासून किनाऱ्यापर्यंत वापरतो. वारा मात्र खरा त्रास देतो, समोरनं असला की शीड मिटून वल्हवत बसा नाहीतर तिरकं तिरकं जा, आणि त्यात रात्र नि सर्प. जहाज फुटलंच तर माल बुडत नाही, खोका तरंगत राहतो, तो शोधत फिरायचं. आम्ही तसे फिरलोय, मध्येच इकडे लाईट गेली आणि आतेभाऊ एकटाच खोक्याभोवती पोहत राहिला, कारण सर्व्हर त्याच्याकडे होता.

बॅगेत शंभर खण असते तर हे काहीच झालं नसतं. मोठ्या बॅगेचा मॉड आम्ही थोडे दिवस लावून पाहिला, सोय होते पण किनाऱ्यावर धक्का बांधायचं, मध्ये कुठल्या बेटावर पेट्या ठेवायच्या हे ठरवायचं कारणच उरत नाही, सरळ काढून टाकला.

ज्यांना रोज तासभरच मिळतो त्यांनी मॉडच्या नादी लागू नये, वर्ल्डच्या सेटिंगमध्येच पोर्टलमधनं धातू नेऊ द्यायचा पर्याय आहे, तो खुशाल चालू करा. २०२४ च्या अ‍ॅशलँड्स अपडेटपासून सगळं नेणारं दगडी पोर्टल पण आलंय, पण ते मिळेपर्यंत तुमचं बहुतेक लोखंड वाहून झालेलं असतं. आतेभाऊ त्या सेटिंगसाठी मागे लागलाय. मी म्हटलंय, पुढची खेप तू एकट्याने आण, मग बोलू.