टाकीत दाखवला एक, पिशवीत दिला दुसराच

35 वर्षे लोकांची खाती तपासण्यात घालवलेल्या माणसाने सहा माशांच्या व्यवहारात फसावे, हे लिहिताना मला लाज वाटते; पण मी गप्प बसलो तर पेठेतल्या त्या दुकानात उद्या आणखी कोणीतरी आगाऊ पैसे भरून येईल.

कोथरूडच्या घरी माझी तीन फुटी टाकी आहे. तीत अनुबियास, जावा फर्न या पाणवनस्पती आणि चार एंजलफिश होते. गेल्या उन्हाळ्यात अनुबियासच्या पानांच्या कडांना दाढीच्या खुंटांसारखे काळे शेवाळ धरले. दिवा सहा तासांवर आणला, माशांचे खाणे निम्मे केले, खराब पाने छाटली, तरी ते हटेना. ऑटोसिंक्लस गरीब मासा खरा, पण तो पानांवरचा मऊ तपकिरी थर खातो, या काळ्या दाढीला तोंड लावत नाही. आणि 'सकर' म्हणून सर्रास विकला जाणारा प्लेको फूटभर वाढून टाकीच उकरून काढतो. म्हणून हे काळे शेवाळ खाणारे सयामीज अल्जी ईटर मासे घ्यायचे मी ठरवले. मी अजाणतेपणी गेलो नव्हतो, एवढे कृपया लक्षात घ्यावे.

दुकानातल्या टाकीत दोन मासे होते आणि ते अस्सल होते. काळा पट्टा नाकापासून थेट शेपटीच्या परातून टोकापर्यंत गेलेला, त्यावर सोनेरी रेघ नाही (ती असली तर तो फ्लाइंग फॉक्स हा दुसराच मासा समजावा), बाकीचे पर पारदर्शक. काचेला नाक लावून मी दहा मिनिटे खात्री केली. दुकानदार म्हणाला, "काका, हे दोन विकायचे नाहीत, सँपल आहेत. तुमचे सहा आठ दिवसांत येतील. आत्ता पूर्ण पैसे भरलेत तर साडेसहाशेला एक, नंतर आठशे." मी तिथल्या तिथे 3,900 रुपये यूपीआयने पाठवले. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल.

मासे मिळाले ते रात्री पावणेनऊला, अर्धे शटर ओढलेल्या दुकानात, जांभळट दिव्याखाली. पिशवीतला एक मासा तोंडाने प्लॅस्टिकला घट्ट चिकटून लटकला होता. त्याच्या ओठांची गोल चकती मला स्वच्छ दिसत होती. सयामीज अल्जी ईटरला अशी चोषक चकती नसते; तो पानावर परांच्या आधाराने टेकून बसतो, काचेला लटकत नाही. हे मला पाठ होते, आणि तरीही घरी येऊन मी पत्नीला कौतुकाने म्हणालो, "बघ, आत्तापासूनच कामाला लागला!" ती म्हणाली, "अहो, तुम्ही सांगितलेला पट्टा शेपटीत कुठे गेलाय?" पट्टा शेपटीच्या मुळाशीच संपत होता आणि त्याच्या कडा नागमोडी होत्या. प्रवासात रंग उतरतो, असे मी तिला समजावले. रंग उतरतो हे खरेच आहे. पण तोंडाचा आकार बदलत नाही, आणि ते एक वाक्य त्या रात्री मला का सुचले नाही, याची चीड अजून जात नाही.

ते चायनीज अल्जी ईटर होते. (नाव चायनीज असले तरी हा मासा थायलंड-कंबोडियाकडचा.) लहान असताना तो थोडेफार शेवाळ खातो, मोठा झाला की चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर चोखू लागतो. पाचव्या महिन्यात एका एंजलच्या कुशीवर रुपयाएवढा लालसर, सोललेला डाग दिसला. चारांतले तीन गेले. आधीचे 3,900, एंजलचे 450 रुपयांप्रमाणे 1,350, औषधाचे 370, म्हणजे एकूण 5,620 रुपये. हाच चायनीज अल्जी ईटर दुसऱ्या दुकानात 40 रुपयांना मिळतो.

बिल हातात पडताच वाचा. माझ्या बिलावर 'अल्जी ईटर, 6 नग' एवढेच आहे, आणि दुकानदार शांतपणे म्हणाला, "काका, हासुद्धा अल्जी ईटरच की." बिलावर 'क्रॉसोकायलस' हे सयामीज अल्जी ईटरचे शास्त्रीय नाव लिहून मागा; नाही म्हणाला तर बाहेर पडा.

चौकीत मी तीन खेपा घातल्या. तिथल्या हवालदारांनी विचारले, "मासे जिवंत आहेत ना? मग गेलं काय तुमचं?" पैसे ऑनलाइन गेले म्हणून त्यांनी सायबरकडे पाठवले, सायबरवाल्यांनी, पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत, म्हणून ग्राहक तक्रारीकडे बोट दाखवले, आणि ती ऑनलाइन तक्रार 'विक्रेत्याने माल दिला आहे' या शेऱ्यासह बंद झाली. मी टाकी, पिशवी, तोंड, पट्टा, मेलेले एंजल असे 11 फोटो जोडले होते. ते एकानेही उघडले असतील असे वाटत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, हे वाचून हुरूप आला होता. तिथे खिडकीवरच्या गृहस्थांनी मासा कोणत्या जातीचा आहे याचा तज्ज्ञाचा दाखला मागितला. तो कोणाकडून आणायचा, हे विचारल्यावर त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

सँपल दाखवून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका, आणि पिशवी दिवसाउजेडी घ्या. सहाही मासे आता गच्चीवरच्या टबात आहेत. दुकानदार परत घेत नाही, आणि मुठा नदीत सोडून देण्याचा सल्ला मी ऐकणार नाही. परदेशी मासा नदीत सोडणे हा वेगळाच अपराध होईल. माशाच्या जातीचा तो दाखला पुण्यात कोण देतो, हे कोणाला ठाऊक असल्यास जरूर कळवावे.