खालची कवळी, दोन इम्प्लांट आणि कडक भाकरी

वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो, ती बहुतेकांना निभावते. रडगाणं असतं ते खालच्या कवळीचं. हाड झिजून सपाट झालेलं, जीभ सारखी ढकलणारी, बोलताना कवळी वर येणारी. त्यामुळे खर्च करायचाच असेल तर आधी खालच्या कवळीवर करावा. सुळ्यांच्या जागी हाडात बसवलेले दोन इम्प्लांट (धातूचे स्क्रू), त्यांवर लोकेटर नावाची, कवळीला धरून ठेवणारी बटणं आणि काढता-घालता येणारी कवळी, हा संच सोलापुरातल्या बऱ्याच वयस्क पेशंटना पुरतो. पूर्ण बिनदाती खालच्या जबड्यासाठी किमान इतकं तरी द्यावं, असा निष्कर्ष मॅकगिल विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या बैठकीने २००२ मध्येच काढला होता. वर इम्प्लांट घ्यायचे तर हाड मऊ असल्याने सहसा चार लागतात आणि खर्च वाढतो.

चावण्याचं काय? ज्वारीची कडक भाकरी समोरच्या दातांनी तोडायला जाल तर कवळी दोन बटणांभोवती फिरते आणि मागची बाजू उचलते. हा दोष नाही, दोन इम्प्लांटची ती मर्यादाच आहे. तुकडा हाताने मोडून दाढेखाली न्यावा, दोन्ही बाजूंनी चावावं. मागचा भार अजूनही हिरडीवरच असतो, म्हणून शेंगाचटणीचा भरडा खाली शिरतो आणि टोचतो. जेवणानंतर कवळी काढून धुणं आलंच. हे नको असेल तर चार-सहा इम्प्लांटवरची न निघणारी बत्तीशी घ्या. मात्र ती कित्येक पट महाग, आणि तिच्याखालची सफाई जास्त कटकटीची.

काम कुठे बिघडतं? बहुतेक वेळा स्क्रूत नाही, कवळीत. जुनी, घासलेली कवळी तशीच बटणांना अडकवून दिली की चावा चुकलेलाच राहतो. आधी नवी कवळी तोंडात तपासून घ्यावी, इम्प्लांटची जागा तिच्यावरून आणि सीबीसीटीवरून (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवरून) ठरवावी. बटण, त्यावर बसणारी कवळीतली धातूची टोपी आणि त्यावरचं ॲक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक) मावायला हिरडीपासून साधारण ८-९ मिलिमीटर उंची लागते. ती नसेल तर कवळी नेमकी बटणावरच पातळ होते आणि तिथेच तडकते. आत धातूची जाळी घालायला सांगा. हाड धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने जातात. तोवर कवळी त्या जागी आतून कोरून मऊ अस्तर लावलेलं असावं, नाहीतर दाब थेट इम्प्लांटवर येतो.

टोप्या कवळीत बसवायची पायरी सगळ्यात नाजूक. बटणाभोवती पांढरी रिंग न घालता ॲक्रिलिक ओतलं तर ते खाली उतरून घट्ट होतं आणि कवळी तोंडातच अडकते. त्या वेळी पेशंटने जोरात चावलं तर हिरडी दबते आणि नंतर कवळी बटणांवर डुगडुगते. दात हलके टेकवायचे, बस्स.

टोपीतलं, बटणाला पकडणारं नायलॉन रंगावर ओळखतात: निळं सर्वांत सैल, गुलाबी मधलं, पारदर्शक सर्वांत घट्ट. बोटांत जोर नसलेल्या आजींना पहिल्याच दिवशी पारदर्शक देणं हा निव्वळ छळ; निळ्याने सुरुवात करावी. नायलॉन झिजतंच, वर्षाच्या आत-बाहेर बदलावं लागतं. काही महिन्यांतच सैल पडत असेल तर दोन इम्प्लांट एकमेकांना समांतर नाहीत असा संशय घ्यावा. तिरक्यांसाठी हिरवं-लाल नायलॉन वेगळं मिळतं. कवळी बोटांनी दाबून बसवा. चावून ‘टक्’ करायची सवय नायलॉन खाते.

मिश्री, तंबाखू, गुटखा चालू ठेवून इम्प्लांट बसवायचे म्हणजे पैसे पाण्यात. साखर ताब्यात नसेल तर आधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) खाली आणा. हाडांच्या ठिसूळपणावर गोळ्या किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू असेल तर ते आवर्जून सांगा. जबड्याचं हाड भरून येण्यात त्याने अडथळा येऊ शकतो. बटणांभोवती मऊ ब्रश रोज फिरवा. कवळीला टूथपेस्ट नको, साबण पुरे. गरम पाण्याने ॲक्रिलिक वाकतं, ब्लीचने टोपीचा धातू खराब होतो. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा.

क्लिनिक निवडताना कोटेशन फोडून मागा: इम्प्लांट, बटणं, कवळी, जाळी, पुढची नायलॉन बदली. ‘पॅकेज’मध्ये बटणं वेगळी निघतात तेव्हा भांडण होतं. नायलॉन त्यांच्याकडे शिल्लक असतं की दर वेळी मागवावं लागतं, हेही विचारा. आणि इम्प्लांटच्या डबीवरचं कंपनी, माप आणि लॉट नंबरचं स्टिकर फाइलला लावून घ्या. बटण त्या-त्या कंपनीच्या इम्प्लांटलाच बसतं. पुढे मुलाकडे पुण्याला राहायला गेलात तर तिथल्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच लागेल.