लोखंडी शेगडी, सात महिने वापरून: धूर, भांडण आणि ती मुकी दांडी

पहिल्या आठवड्यात मी खोली तापवायच्या या लाकडाच्या शेगडीचं इतकं कौतुक केलं की घरचे कंटाळले. दरवाजाची काच लख्ख, ज्योत संथ, तासाभरात खोली उबदार. किती किलोवॅटची, किती वजनाची, ते पत्रकात आहेच, इथे उतरवत बसत नाही. मला लिहायचंय धुराबद्दल आणि हवेच्या दांडीबद्दल. दांडीवरचा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काचेखाली डावीउजवीकडे सरकणारी ही दांडी. तिच्याने आत हवा किती जायची ते ठरतं. पण कुठल्या बाजूला उघडी आणि कुठल्या बाजूला बंद, याची एकही खूण नाही. बाण नाही, रेघ नाही, साधा ठिपका नाही. बिडाचा एवढा जाड दरवाजा ओतला, त्यावर वेलबुट्टी काढली, आणि एक रेघ मारायला हात दुखला. पुस्तिकेत काय, तर 'पेटवताना दांडी पूर्ण उघडा'. बसवणाऱ्याने नीट लावून दिली होती, आठवड्याने मी फडक्याने पुसताना ती सरकली. मग मी अंदाजाने उलटीच वापरत राहिलो. ती पूर्ण बंद होतच नाही, त्यामुळे आग विझायची नाही, नुसती धुमसायची. काच काळी पडू लागली, तर मी म्हटलं, वापरली की पडणारच.

तिसऱ्या महिन्यात धूर घरात यायला लागला. लाकूड टाकायला दरवाजा उघडला की भपकन तोंडावर. सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे, छताला करडी छटा आली. आणि एका रात्री अडीचला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. तेव्हा खोलीत धूर अजिबात नव्हता! निखारे विझत आलेले, धुराडं गार होत आलेलं, धूर वर खेचणारी ओढ मेलेली. अशा वेळी हा वायू बाहेर जायच्या ऐवजी आत येतो, आणि त्याला ना रंग ना वास. सगळ्यांना उठवून बाहेर पायरीवर नेऊन बसवलं. तो अलार्म घेताना मी 'कशाला उगाच खर्च' म्हणालो होतो. घरात ते वाक्य अजून मला ऐकवतात.

तीन फोन केल्यावर सर्व्हिसचा माणूस आला. दोन मिनिटं आत टॉर्च मारून म्हणाला, "साहेब, जळण ओलं आहे." मी म्हटलं, "वर्षभर छपराखाली आहे, ओलं कसं असेल?" त्याने ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर काढून ओंडक्याच्या टोकाला टोचलं. १७ टक्के. मी छाती फुगवली. मग त्याने तोच ओंडका कुऱ्हाडीने फोडला आणि आतल्या ताज्या बाजूला सुया टोचल्या. २८. "२०च्या आत पाहिजे," म्हणाला आणि भेटीचे पैसे घेऊन गेला. धुराड्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. त्याच संध्याकाळी चिडून एक तारा दिला.

आता तो तारा मागे घेतो, पण पूर्ण नाही.

जळण फोडून, मोकळं रचून, वारा लागेल असं ठेवलं. सुकलेलं आधी वापरायला काढलं. धूर कमी झाला, थांबला नाही. मग एका संध्याकाळी एकदम थांबला, आणि लक्षात आलं की नुकताच कुणीतरी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद केला होता. उदबत्ती पेटवून शेगडीच्या किंचित उघड्या दाराशी धरली. पंखा चालू, तर धुराची रेघ खोलीकडे वाकलेली. पंखा बंद, तर ती क्षणभर डळमळली आणि सरळ आत ओढली गेली. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, ती भरून निघायला कुठून तरी आत येणार. आणि ऊब वाचवायला खिडक्यांच्या फटी मीच पट्ट्या लावून बुजवलेल्या. उरलं एकच भोक, धुराडं. आता पेटवताना पंखा बंद आणि खिडकी दोन बोटं उघडी. ऊब वाचवायला पट्ट्या, उबेसाठी उघडी खिडकी. हा हिशोब मला अजून पटत नाही, पण चालतो.

विकणाऱ्याचा आग्रह होता धुराड्याची उंची वाढवण्याचा, म्हणजे आणखी दोन पाइप घेण्याचा. नियम असा की धुराडं छपरातून निघतं तिथून निदान ३ फूट वर हवं, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा २ फूट वर. टेप लावून मोजलं. बसतंय. पैसे वाचले.

खरा प्रकार वर टोपीत होता. ठिणग्या अडवायच्या जाळीची भोकं काळ्या चकचकीत थराने जवळजवळ बुजलेली. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर काचेसारख्या ढलप्या पडल्या. हा क्रिओसोट. ओलं जळण, त्यात कोंडलेली हवा, त्यामुळे धूर वर जाईपर्यंत गार होतो. साधारण १२० अंशांच्या खाली उतरला की तो धुराड्याच्या आत चिकटत जातो, आणि पुढे हाच थर पेटतो. हवा कुणी कोंडली होती? दांडीने. घरात म्हणतात, मी सगळं फिरवून दांडीवरच आणतो. पण सांगा, काय चुकलं?

एक चूक मात्र निखळ माझी. वरून ब्रश मारून धुराडं साफ केलं आणि दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त धूर. पडलेली सगळी काजळी आत, आगीवरच्या आडव्या पत्र्यावर बसली होती. पत्रा काढला तेव्हा अर्धी बादली निघाली.

आता रोजचं असं: गार सकाळी आधी कागदाचा बोळा शेगडीच्या आत वर, धुराड्याच्या तोंडाशी पेटवायचा, भुर्र आवाज आला की ओढ लागली. मोठी लाकडं खाली, काटक्या वर. उलटं वाटतं, पण धूर खरंच कमी होतो.

साडेतीन तारे. चार दिले असते. दांडीला लाल नेलपॉलिशचा ठिपका मीच लावलाय. गेल्या आठवड्यात तोच माणूस दरवाजाच्या कडेची, फट बुजवणारी झिजलेली दोरी बदलायला आला, ठिपका पाहून म्हणाला, "हे बरं केलंत," आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला.